सतरा नंबरचा पोर्ट

माझा मेहुणा सेटिंगमध्ये हात घालतो, हे मला सोमवारीच कळलं. त्याला आमच्या लॅबमध्ये चिकटवला होता मीच. शुक्रवारी त्याचे सहा महिने संपत होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं.

आमचं काम नेटवर्क स्विच तपासायचं. लांब केबलमध्ये सिग्नल थकतो, म्हणून वाटेत रीड्रायव्हर नावाची नखाएवढी चिप बसवतात. ती त्याला जोर देऊन पुढे ढकलते. किती जोर द्यायचा, ते आपण ठरवायचं. सतरा नंबरच्या पोर्टवर रोज सकाळी हजारांनी एरर दिसायच्या. मी जोर कमी केला की शून्य. आणि मी घरी गेलो की संध्याकाळच्या नोंदीत याचं नाव, जोर पुन्हा वाढवलेला.

एकदा चुकून होईल, दोनदा होईल. पण रोज? पठ्ठ्या मला तोंडघशी पाडायला टपलाय, अशी माझी खात्रीच झाली. बायकोला म्हटलं, "तुझ्या भावाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

"त्याला विचारलंत का?" ती म्हणाली.

चोराला कशाला विचारायचं? मी पान वाढून घेतलं.

बुधवारी तो आपणहून आला. "भाऊजी, तुमची ती केबल..."

"माझ्या केबलचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. अर्ध्या मीटरची ती केबल नऊ वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात आहे. तिने मला कधी दगा दिला नाही, म्हणून तपासायला मी तीच लावतो. तो मान खाली घालून गेला. नजर चुकवतोय, म्हणजे पाणी मुरतंय, असं मी धरून चाललो. गुरुवारी लॅबच्या प्रमुख मॅडमना लिहून दिलं, सेटिंग बिघडवतो, ठेवू नये.

शुक्रवारी माल जायचा होता, म्हणून ग्राहकाची तीन मीटरची केबल लावली. माझ्या कमी जोरावर लिंक उठेचना. नोंदीतून त्याचं सेटिंग घातलं, तर एरर शून्य. मग माझी लाडकी अर्ध्या मीटरची लावली, आणि एररचा पाऊस. शेजारी बसलेल्याच्या कानात ओरडावं, तसं चाललं होतं ते. तपासणीच्या कागदावर पहिल्याच ओळीत तीन मीटर लिहिलेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

केबल खिशात घालून मॅडमच्या खोलीत गेलो, तर मेहुणा समोर बसलेला.

"बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या. "सकाळी कुठली केबल लावतात, ते याला विचारलं. म्हणतो, तीन मीटरचीच. म्हणजे तुमचं बरोबर, सेटिंग यानेच बिघडवलं."

त्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नका, असं सांगत होता, मला वाचवायला.

मी खिशातली केबल काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. "खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "सकाळी ही असते. माझी."