सुनेचा कान

मेस्त्रींना ऐकू येईनासं झालं, तेव्हा गॅरेज आता आपल्या हाती येणार, असं त्यांच्या मुलाने गृहीत धरलं होतं. त्यात गैर काही नव्हतं. इंजिन उतरवणं, क्लच, ब्रेक, सगळं तोच करत होता. वडिलांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं, जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर लावायचं. इंजिन गरम होऊ द्यायचं, मग डोळे मिटून मिश्रणाचा स्क्रू जरा जरा फिरवत राहायचं. पेट्रोल आणि हवेचं जमलं की इंजिनाचा आवाज आपोआप खुलतो, तिथे थांबायचं. एवढ्यासाठी लोक लांबून यायचे.

सून गॅरेजात बसायची ती फोन घ्यायला आणि सुटे भाग मागवायला. एकदा मेस्त्री बॉनेटखाली वाकले असताना ती टेबलावरूनच ओरडली, "बाबा, थोडं मागे घ्या. मघाशी छान चाललं होतं."

मेस्त्रींनी स्क्रू मागे घेतला. इंजिनाची थरथर थांबली. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण गाडीवर टेकवलेल्या तळव्याला कळलं. त्यांनी वळून सुनेकडे असं काही पाहिलं, की मुलाच्या हातातला पाना हातातच राहिला. त्याच्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बॉनेटशेजारी तिच्यासाठी स्टूल आलं. "सूनबाई, कान दे इकडे." काही दिवसांनी स्क्रूड्रायव्हरही तिच्या हातात गेला. गिऱ्हाइकं आल्या आल्या विचारू लागली, "वहिनी आहेत ना?" तो गाडीखालून म्हणायचा, "आहेत." जेवतानाही सासरा-सुनेचं तेच. कुठली गाडी फुरफुरली, कुठली लंगडली. तो मान खाली घालून घास गिळायचा.

कोणी नसताना त्याने स्वतः करून पाहिलं. इंजिन चालू केलं, स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला, डोळेही मिटले. त्याला फक्त इंजिन चालू असल्याचं ऐकू आलं.

मग डॉक्टरीणबाईंची गाडी आली. जुनी, पण जिवापाड जपलेली. त्या तीच घेऊन पेशंटकडे जात. सुनेने तिचा कार्ब्युरेटर लावला, मेस्त्रींनी तळवा टेकवून मान डोलावली, आणि दोघं हसत हात धुवायला आत गेले. ते हसणं त्याला सहन झालं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, स्क्रू चांगला अर्धा फेरा आवळला आणि बॉनेट बंद केलं. गाडी बाहेर काढून दिली तीही त्यानेच, बंद पडू नये म्हणून रेस देत देत.

दुपारी कोणीतरी ती दोरीने ओढत परत आणली. मागोमाग डॉक्टरीणबाई, मोठमोठ्याने ओरडत. "चौकात थांबले की बंद! भर रहदारीत, मागे एवढा मोठा ट्रक. पेशंटकडे मी कोणाच्या तरी स्कूटरवर बसून गेले. हे असं लावता तुम्ही कार्ब्युरेटर?"

सुनेचा चेहरा पडला. याच क्षणाची तो वाट पाहत होता. पण मेस्त्री पुढे झाले. स्क्रू पाहिला, मग स्वतःची कापरी बोटं पाहिली.

"तिचं काही नाही चुकलं, बाई. शेवटी माझाच हात लागला असणार. आता या हातांनी इथे यायचं नाही, हेच बरं."

सुनेने कार्ब्युरेटर पुन्हा लावून दिला. डॉक्टरीणबाई गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. मेस्त्री समोरच बसले होते, पण त्यांच्यापुढे भांडायला अडचण नव्हती.

"स्क्रूखाली स्प्रिंग असते. नुसता हात लागून तो अर्धा फेरा फिरत नाही. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"तुला काय! सगळे तुझेच गोडवे गातात."

"मग राग माझ्यावर काढायचा होता. डॉक्टरीणबाई ट्रकखाली गेल्या असत्या म्हणजे?"

तो वडिलांपाशी गेला. "स्क्रू मी फिरवला."

"काय?"

"मी! मुद्दाम! मी फिरवला!"

समोरचा टायरवाला काम सोडून बघू लागला. मेस्त्रींनी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

"का रे?"

आता हेही ओरडूनच सांगावं लागलं. "तिला शिकवलंत! मला नाही!"

"तुलाच आधी बसवलं होतं. तू शाळेत होतास. तुला फरक कळेना, रडायला लागलास. म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही." ते सुनेकडे पाहत पुढे म्हणाले, "आणि पोटात काय तुझ्याच एकट्याच्या दुखतं? माझे आवाज होते ते. मी डोळे मिटतो, काहीच येत नाही, आणि हिला सगळं ऐकू येतं. रोज हिचं स्टूल पुसून ठेवतो ना, तेव्हा विचार मला काय वाटतं ते."

हे सुनेला माहीत नव्हतं. तिने स्क्रूड्रायव्हर हळूच टेबलावर ठेवला.

"ठेवू नकोस," मेस्त्री म्हणाले. "मला वाईट वाटतं म्हणून गाड्या का बिघडवायच्या?"

संध्याकाळी तो डॉक्टरीणबाईंच्या घरी गेला आणि दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी त्याला आत बोलावलं नाही.

"गाडी तुमच्याकडेच आणेन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण किल्ली वहिनींच्या हातात देईन. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं," तो म्हणाला.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?" त्याने जसंच्या तसं सांगितलं. तिला हसू आवरेना. त्याला हसू आलं नाही, आतून अजून जळतच होतं. पण ती वाढायला लागली, तेव्हा वडिलांच्या कानाशी वाकून त्यानेच विचारलं, "उद्या कुठल्या गाडीचा कार्ब्युरेटर लावायचा आहे तिला? आधी प्लग साफ करून ठेवतो."