हातानं काढायची ओळ

"अकराला मी केबल ओढणार. त्यानंतर कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही, सर," सहाना म्हणाली. "मेन लाइन मेली तर बॅकअप आपणहून उठतंय का, एवढंच पाहायचं."

"आणि नाही उठलं तर?"

"नाही उठलं तर तसं लिहून द्यायचं. उठलं तर मी कोवलमला जाऊन समुद्रात पाय भिजवणार. संडे आहे, सर!"

एरवी विजयकुमार तिच्या या बोलण्याला हसले असते. मुलगी चेन्नईचीच, पण तंजावरी मराठी घरातली. आजीकडून आलेलं जुनं मराठी आणि शाळेतलं तमिळ यांचा ती असा काही काला करायची की ऐकतच राहावं. जुलैत विजयकुमार निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी ती आली होती. आज मात्र त्यांनी मान खाली घालून घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग बनत. रविवार असल्यामुळे खाली मशिनं बंद होती, पण वरची ही सर्व्हरची खोली कधी बंद नसे. गेली एकोणीस वर्षं ती विजयकुमारांच्या ताब्यात होती. पूर्वी सगळा हिशेब याच खोलीत राहायचा. मग निम्मा भार क्लाउडवर गेला, म्हणजे शेकडो मैलांवरच्या कुणाच्यातरी इमारतीत. खोक्यावरचं लेबलसुद्धा तिकडून होकार आल्याशिवाय छापलं जात नसे, आणि लेबल नाही तर ट्रक जागचा हलत नसे. तिकडे जायला दोन वाटा होत्या. एक खास भाड्यानं घेतलेली लाइन, ती मुख्य. दुसरी साध्या इंटरनेटवरून कुलूपबंद करून नेलेली, ती मागची. मुख्य वाट तुटली की मागचीनं आपणहून भार उचलायचा, असं कागदोपत्री होतं. त्या कागदावर सही विजयकुमारांची होती.

आणि ते खोटं होतं. ही गोष्ट जगात एकट्या विजयकुमारांना ठाऊक होती.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्ही वाटा नव्यानं जोडल्या आणि तिसऱ्याच दिवशी घोळ झाला. इथून विचारणा जायची मुख्य वाटेनं आणि तिकडून उत्तर यायचं मागच्या वाटेनं. दारावरचा फायरवॉल म्हणायचा, या वाटेनं तर कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि आलेलं उत्तर बाहेर फेकायचा. कीर्तनात बुवांनी पद बदलावं आणि मागे धृपद धरणाऱ्यांनी जुन्याच चालीवर टाळ वाजवत राहावं, तशी गत. सहा ट्रक फाटकात उभे राहिले. माल घेणाऱ्या ओरगडमच्या मोटार कारखान्यातून फोनावर फोन. घाम पुसत विजयकुमारांनी राउटरमध्ये एक ओळ घातली: काही झालं तरी सगळं मुख्य वाटेनंच जाईल. चक्र फिरलं. ती ओळ सोमवारी काढायची आणि दोष शांतपणे शोधायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी तपासणी आली. "बॅकअप आपोआप चालतं ना?" त्या माणसानं विचारलं. विजयकुमार "हो" म्हणाले. सही केली. त्यानंतर खरं सांगायला तोंड उरलं नाही.

पण ती ओळ हटवादी होती. मुख्य वाट पुढे कुठं खोदकामात तुटली, तरी ती सगळं त्याच तुटक्या वाटेवर लोटत राही. मग कुणीतरी आत शिरून ती हातानं काढायची, लाइन दुरुस्त झाली की परत घालायची. ते कुणीतरी म्हणजे विजयकुमार. वर्षातून चार-पाच वेळा. कधी ते सांगून येत नसे, म्हणून वर्षाचे सगळे दिवस. दर सहामाहीच्या चाचणीला ते केबल ओढायच्या मिनिटभर आधी गुपचूप ओळ काढत आणि नंतर परत घालत. चाचणी पास. साहेब पाठ थोपटत.

म्हणून मग दर माघात कुंभकोणमजवळच्या मठात जाणं थांबलं.

त्या मठात आठ दिवस कीर्तन चाले. घरात तमिळ बोलणारे बुवा उभे राहिले की तोंडातून अस्सल मराठी पदं झरायची. मिरजेहून लग्न होऊन आलेली त्यांची बायको प्रमोदिनी पहिल्या वर्षी ते ऐकून हमसाहमशी रडली होती. माहेरी तिच्या तीन पिढ्या कीर्तनात गेलेल्या. विजयकुमारांचा गळाही गोड. बुवांनीच त्यांना खूण करून मागे बोलावलं, हातात टाळ दिले, आणि आठ वर्षं ते धृपद धरायला उभे राहिले. नामाचा गजर टिपेला पोहोचे, तेव्हा समोर बायकांच्या रांगेत प्रमोदिनीचा चेहरा असा उजळून निघे, की देवाकडे पाहावं की तिच्याकडे असं त्यांना होई.

मठात फोनला रेंज नव्हती.

"पुढल्या वर्षी नक्की," विजयकुमार म्हणायचे. ती एकटी जायची. शेवटच्या दिवशीचा दहीकाला स्टीलच्या डब्यात त्यांच्यासाठी घेऊन यायची. बसच्या प्रवासात तो पार आंबून जायचा, तरी ते डोळे मिटून खायचे. "बुवा विचारत होते, तुमचे यजमान रागावलेत का आमच्यावर?" असं एकदा ती म्हणाली होती. तिला वाटायचं, नोकरीच तशी आहे. खरं त्यांनी तिलाही सांगितलं नाही.

मग ती आजारी पडली. इस्पितळात एका दुपारी तिनं हलकेच म्हटलं, "ते मठातलं धृपद म्हणा ना. हळू म्हणा, शेजारच्या बाईंना त्रास नको." त्यांनी घसा साफ केला. पहिला सूर लागतोय तोच फोन वाजला. लाइन तुटली होती. बाहेरच्या जिन्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून, चौदा मिनिटं. परत आले तर ती भिंतीकडे तोंड करून जागीच होती.

"झालं काम?"

"झालं."

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. तिनं पुन्हा म्हणा म्हटलं नाही, आणि यांना आपणहून सुरुवात करण्याचा धीर झाला नाही.

याला दोन वर्षं झाली.

आज गुपचूप काही करण्याची सोय नव्हती. सहानानं शुक्रवारपासून सगळ्या सेटिंगना कुलूप घातलं होतं. ती अकराला केबल ओढील, बॅकअप उठणार नाही, आणि अहवालात एकच प्रश्न उरेल: मग आधीच्या बावीस चाचण्या पास कशा झाल्या? तोंडावर आलेली निवृत्ती, एकोणीस वर्षांचं नाव.

साडेदहाला त्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"सहाना, थांब. ओढू नकोस केबल. बॅकअप उठायचं नाही."

"कसं कळलं, सर?"

"राउटरात एक ओळ आहे. मी घातलेली." आणि मग बांध फुटावा तसं त्यांनी सगळं सांगितलं, सहीपर्यंत. प्रमोदिनीचं तेवढं सांगितलं नाही.

सहानानं पडद्यावर ती ओळ शोधली, तारीख पाहिली. "अय्यो," ती पुटपुटली. "अकरा वर्षं तुम्ही हातानं... मग सर, लीव्ह?"

"घेत नव्हतो."

"एक दिवस पण?"

"अगं, बघ तू पुढचं."

ती क्लाउडच्या बाजूचं पान उघडून बसली. बोटं भराभर चालत होती, ओठ काहीतरी मोजत होते. मग ती थांबली, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला.

"सर, दोष इथं नाहीच. तुम्ही आपल्या टोकाला सांगितलंत, की मुख्य वाट ही आणि मागची ती. त्या टोकाला कुणी सांगितलंच नाही. त्यांना दोन्ही सारख्याच. म्हणून उत्तर कुठूनही यायचं."

"तिकडचं काम तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे होतं. त्यांना मेल लिहावा लागायचा."

"लिहिला नाही?"

"कारण विचारलं असतं."

तिनं गिरिधरना, म्हणजे साहेबांना, फोन लावून मोजक्या शब्दांत परवानगी घेतली. मग मागच्या वाटेवर, ही लांबची आहे, नाइलाज असेल तरच वापरा, अशी खूण तिकडच्यांना दिसेल अशी लावली. विजयकुमारांची ओळ खोडली. सगळ्याला बारा मिनिटं लागली. त्यात दोन मिनिटं तिच्या पाणी पिण्याची.

अकराला तिनं केबल ओढली. पडद्यावर सरकणारे आकडे अडले. विजयकुमारांचा हात नकळत कीबोर्डकडे गेला.

"सर," ती म्हणाली.

त्यांनी हात मांडीवर घेतले. एक, दोन, तीन... अडतिसाव्या सेकंदाला आकडे पुन्हा सरकू लागले. जणू काही झालंच नव्हतं. तिनं केबल परत लावली. आकडे क्षणभर अडखळले आणि मुख्य वाटेवर गेले. घोळ नाही, कुणाचं उत्तर फेकलं गेलं नाही. तिनं पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच.

फोनवर गिरिधर खूश होते. सहानानं सांगायच्या आत विजयकुमारांनीच फोन घेतला आणि अकरा वर्षांची कबुली दिली. शिव्या खायची तयारी होती. खरं तर त्यांना त्या हव्याच होत्या.

"अकरा वर्षं? खरंच?" गिरिधर हसले. "परवाइल्लै, विजय सर, हरकत नाही. चाललं ना सगळं? कुणाला कळलं पण नाही. आता सोडा." आणि मागून त्यांच्या नातवानं की कुणी हाका मारल्याचा आवाज आला, फोन बंद झाला.

अहवालात बदलाचं कारण लिहायचं होतं. सहानानं टाइप केलं: जुनी सेटिंग, गरज उरली नव्हती.

"कुणी घातली ते लिही."

"कशाला, सर? जाऊ द्या ना."

"नाव लिही माझं. तारीखही लिही."

तिनं लिहिलं. विजयकुमारांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं आणि सही केली. सहाना म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. मी तासभर नजर ठेवते. नाही ठेवली तरी चालेल, पण ठेवते."

रविवारी कँटीन सुरक्षारक्षक आणि दुरुस्तीवाल्यांपुरतं उघडं असे. रांगेत त्यांच्यापुढे दोघंच होते. वाढणाऱ्या व्यंकटेशनं विजयकुमारांकडे नीट पाहिलं आणि अदबीनं हात पुढे केला. "व्हिजिटर, सार? गेस्ट कूपन?"

विजयकुमारांनी शर्टातलं ओळखपत्र बाहेर काढलं. व्यंकटेशनं वाकून त्यावरचं रुजू झाल्याचं वर्ष वाचलं. पुन्हा वाचलं. घाईघाईनं त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं पुसलं.

"एकोणीस वर्षं, सार? मग जेवत कुठं होता?"

"वर. मशिनापाशी. घरचा डबा."

"आता डबा नाही आणत?"

विजयकुमार ताटातल्या वाफाळत्या भाताकडे पाहत राहिले. व्यंकटेशनं रस्समचा डाव भरून वर धरला, आणि विजयकुमारांनी ताट थोडं पुढे केलं.