शुक्रावरून आलेला धर्माजी

सुचिता एसटीत कंडक्टर आहे, श्रीवर्धन आगारात. नोकरीला एकवीस वर्षं झाली. तिला सिनेमाचं वेड आहे असं सगळे म्हणतात, पण ते पुरतं खरं नाही. सिनेमाचं वेड असलेल्या माणसाला निदान एखादा नट आवडतो, एखादा काळ आवडतो. सुचिताला सगळंच लागतं. कृष्णधवल काळातले रडके सिनेमे, परग्रहांवरच्या लढाया, समुद्रातून वर येणारे जपानी अजस्र प्राणी, कोरियन मालिका, मुखवटा घालून इमारतींवरून उड्या मारणारे वीर. तिच्या कपाटाच्या खालच्या दोन खणांत साड्या नाहीत. तिथे सिनेमाच्या गाण्यांची जुनी पुस्तकं आहेत, विज्ञानकथांचे दिवाळी अंक आहेत आणि एक पत्र्याचा यंत्रमानव आहे. चावी दिली की तो चार पावलं चालतो आणि डावीकडे पडतो. नवरा विनेश बोर्लीला रिक्षा चालवतो. त्याची या कशालाच हरकत नाही. फक्त त्याच्याकडचे पाहुणे आले की यंत्रमानव बाहेर काढायचा नाही, एवढं ठरलेलं आहे.

गेल्या नोव्हेंबरात मुंबईच्या एका जुन्या सामानाच्या दुकानदाराने तिला कुरियरने एक फोटो पाठवला. पूर्वी थिएटरबाहेर काचेच्या पेटीत सिनेमातले फोटो लावत, त्यातला तो एक. सिनेमाचं नाव ‘शुक्र का मेहमान’. पंचावन्न वर्षांपूर्वी लागला आणि आठवड्यात उतरला. त्याची एकही प्रत शिल्लक नाही, असं तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जाणकार सांगत. फोटोत अंगभर खवले आणि डोक्याला दोन शिंगं असलेला एक प्राणी लाटांतून बाहेर येत होता. सुचिताने आधी प्राणी पाहिला, मग त्याच्या मागे पाहिलं. मागे बसलेल्या म्हशीसारखा एक खडक होता. हा खडक ती आठवड्यातून चारदा गाडीच्या खिडकीतून बघत होती. आदगावचा.

तिने ग्रुपवर तसं लिहिलं. असे खडक कोकणात ढीगभर आहेत, असं उत्तर आलं. एकाने नुसता हसरा चेहरा पाठवला.

तिने वाद घातला नाही. फोटो तिकिटांच्या बॅगेत ठेवला आणि आदगावच्या फेरीला म्हाताऱ्या प्रवाशांना दाखवायला लागली. बहुतेकांनी तो हातातही घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात नीराबाई भेटली. ती दर बाजाराला सुक्या मासळीची पाटी घेऊन बोर्लीला जायची.

“आजी, हा किनारा ओळखता का?”

नीराबाईने फोटो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

“किनारा ऱ्हाऊ दे. ह्यो आमचा धर्माजी हाय.”

“कोण धर्माजी?”

“माजा मोठा भाऊ. ह्यो काय, शिंगंवाला.”

गाडी वळणावर होती. सुचिताने वरचा दांडा धरला आणि पुढचा थांबा येऊन गेला तरी घंटी मारली नाही. ड्रायव्हरने आरशातून बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

सुट्टीच्या दिवशी ती आदगावला नीराबाईकडे गेली. धर्माजी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर कबड्डीचा सामना बघत होता. वय सत्त्याहत्तर, अजूनही सहा फुटांच्या वर. तिने फोटो पुढे केला. त्याने सामना थांबवला नाही, नुसता आवाज बारीक केला.

“कंपनीनं मुंबैचा पैलवान आनलेला,” तो म्हणाला. “पोशाक घालून त्यो पयल्याच लाटंत उलटा झाला. आतून पानी प्याला. मी होडीवर होतो. डायरेक्टर बोलला, तू उंच हायस, तू घाल.”

“मग?”

“मग काय, घातला. रबर नि स्पंज. भिजला की जाळ्यावानी जड. मानंला एक भोक, त्यातनं श्वास घ्यायचा. बारा दिवस काम केलं.”

“आणि सिनेमा? बघितलात?”

धर्माजीने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. उत्तर नीराबाईने दिलं. ती चहा घेऊन बाहेर आली होती.

“अर्धा बगितला. आयमुळं.”

मग दोघांनी मिळून सांगितलं. सिनेमा लागला तेव्हा धर्माजी आई कृष्णाबाईला आणि लहानग्या नीराला घेऊन लाँचने मुंबईला, भाऊच्या धक्क्याला गेला. आईने त्याआधी एकही सिनेमा पाहिला नव्हता. पडद्यावर पोरगा पाण्यातून बाहेर आला तेव्हा ती खूश झाली आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगू लागली, ह्यो माजा. पुढे सिनेमात शिपाई आले. त्यांनी मशाली फेकल्या. प्राणी पेटला आणि खडकावर कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णाबाई खुर्चीवरून उठली आणि ओरडली, माज्या पोराला मारला, आनि तुमी टाळ्या वाजवता? धर्माजी शेजारीच बसला होता. त्याने तिचा हात धरला, मी हितंच हाय म्हणून सांगितलं. तिला ते पटेना. शेवटी तिला बाहेर काढावं लागलं.

“मरेपरेंत तिनं परत सिनेमा बगितला न्हाय,” नीराबाई म्हणाली. “गावात समदी ह्याला राक्षस बोलायची. तिला त्ये खपायचा न्हाय.”

“म्हणजे शेवट तुम्हाला माहीत नाही?”

“मेला, ह्योच शेवट,” धर्माजी म्हणाला.

सुचिताकडे त्या सिनेमाच्या गाण्यांचं पुस्तक होतं. त्यात गोष्ट दिली होती, पण मशालींपर्यंत येऊन थांबली होती. पुढचं पडद्यावर बघा म्हणून. म्हणजे शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. तिने चहा बाजूला ठेवला.

“काका, शूटिंगचा शेवटचा दिवस आठवतोय?”

“न आठवायला काय झाला? डायरेक्टरनं तीनदा पान्यात जायला लावला. किनाऱ्यावरनं निघायचा, डोस्का बुडेपरेंत चालायचा. मधी एकदा मागं वळून बगायचा. मी वळलो की शिंग वाकडा व्हायचा, म्हनून तीनदा.”

“आणि ती आग? ती कधी?”

“आदल्या दिवशी. मशाल जवळ लागली, खांद्यावरचा रबर वितळला. आत मला चटका बसला.” त्याने बनियनचा पट्टा सरकवला. खांद्यावर बोटभर चकचकीत डाग होता. “दुसऱ्या दिवशी खारं पानी लागलं ना, ब्रह्मांड आठवलं.”

“खांद्यावर रबर वितळून पडलेलं भोक बुजवलं होतं त्यांनी?”

“न्हाय. मी बोललो, पानी शिरतंय. डायरेक्टर बोलला, ऱ्हाऊ दे, दिसला पायजेल.”

सुचिताने फोटो पुन्हा हातात घेतला. मग तिने एकेक करून सांगितलं, प्रवाशाला गाडी कुठे बदलायची ते सांगावं तसं. गोष्टीत पाण्यात जाण्याचा प्रसंग आगीच्या आधीचा असता, तर भोक बुजवलं असतं. डायरेक्टरला ते दिसायला हवं होतं. म्हणजे हा प्राणी जळलेला आहे, हे लोकांना कळायला हवं होतं. जळून खडकावर पडलेला प्राणी त्यानंतर स्वतःच्या पायांनी समुद्रात चालत गेला. वळून बघून गेला.

“म्हणजे?” नीराबाईने विचारलं.

“म्हणजे तो मेला नाही. उठला आणि परत गेला.”

धर्माजीने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. बराच वेळ तो खांद्यावरच्या डागावरून अंगठा फिरवत राहिला.

“आयला कळायला पायजे होतं,” तो म्हणाला.

नीराबाई मात्र खाली बसली आणि म्हणाली, आता मला सगळी गोष्ट पयल्यापासून सांग, मी तवा लहान होती. सुचिताने सांगितली. शुक्रावर पाणी का नव्हतं, प्राणी इथे काय शोधायला आला, नायिका त्याला का घाबरली नाही. नीराबाईला नायिका मूर्ख वाटली. या सगळ्यात दुपारची गाडी चुकली आणि विनेशला रिक्षा घेऊन यावं लागलं.

तिने ग्रुपवर सगळं लिहिलं, धर्माजीचा आणि खडकाचा फोटोही टाकला. तीनजणांनी अभिनंदन केलं. एका जाणकाराने लिहिलं, की तो प्रसंग चित्रित झाला असेल, पण सिनेमात ठेवला होता याला पुरावा काय? प्रश्न बरोबर होता. सुचिताने तसं कबूल केलं.

फेब्रुवारीत धर्माजी तिच्या गाडीत चढला. मोतीबिंदू दाखवायला श्रीवर्धनला निघाला होता. तिकीट घेऊन तो बसला आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागला. सुचिता मागची तिकिटं फाडत पुढे आली, तेव्हा तो सांगत होता, “आग लावली मला, पडलो पन. पन मेलो न्हाय. उठलो नि गेलो पान्यात.” शेजारचा माणूस मुरुडचा होता. त्याला काही कळलं नाही. तो मान डोलवत होता. धर्माजीने सुचिताकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडमला इच्यारा.”

“खरंय,” सुचिता म्हणाली आणि पुढच्या प्रवाशाला कुठे जायचंय ते विचारलं.