रक्ताच्या दिवशी सोबत

लेक जेमतेम आठ वर्षांची, पण रक्त चढवायच्या वॉर्डात तिचा दरारा असा, की सिस्टर तिला फौजदार म्हणायच्या. दर तीन आठवड्यांनी ती यायची, कोणती शीर चांगली ते स्वतः दाखवायची आणि भलतीकडे सुई टोचणाऱ्याची खरडपट्टी काढायची. अंगात पुरेसं रक्त न बनण्याचं हे दुखणं जन्माचं, आई-बाबा दोघांकडून आलेलं. आता आईच्या पोटातल्या बाळालाही तेच असल्याचं तपासणीत कळलं, तेव्हा घरात दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. फौजदार तेवढी खूश होती. आजवर ती एकटीच यायची. आता सोबत मिळणार होती.

"बाळाला माझ्या शेजारच्या पलंगावर झोपवायचं," तिने जाहीर केलं. "मी शिकवीन त्याला सगळं."

म्हणूनच पुढचं सांगायला आईला धीर होत नव्हता. डॉक्टरबाईंनी नवा उपाय सुचवला होता. आईच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, त्यातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि बाळ पोटात असतानाच नाळेतून त्याला द्यायच्या. त्या वयात बाळाचं शरीर आपलं-परकं फारसं करत नाही, आणि आईची तर त्याला सवयच असते. "खात्री देत नाही," बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. "पण रुजल्या, तर त्याला इथे यावं लागणार नाही. निदान कमी यावं लागेल."

काल बोन मॅरो काढून झाला होता. आज पेशी द्यायच्या होत्या. आई कुशीवर पडून होती आणि कंबर नुसती ठणकत होती. बाबा लेकीला खोलीत घेऊन आले, "तूच सांग, तुझं ऐकते ती," म्हणाले आणि चहाच्या निमित्ताने त्यांनी काढता पाय घेतला. माणूस भला, पण अवघड वेळी त्याला हमखास चहाची तल्लफ यायची.

आईने सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे ते माझ्याबरोबर येणार नाही?"

"जमलं तर नाही."

ती बराच वेळ चादरीचा धागा ओढत बसली. "माझ्या वेळी का नाही दिलंस?"

या प्रश्नाचीच आईने धास्ती घेतली होती. "तेव्हा आम्हाला हे ठाऊकच नव्हतं गं. असतं, तर सगळी हाडं काढून दिली असती."

"मग आता दे."

"आता उशीर झाला, बाळा. तुझं शरीर माझ्या पेशींना परकं समजेल. हाकलून देईल."

"मी सांगते ना त्याला! माझं सगळे ऐकतात."

एरवी आई हसली असती. अख्खा वॉर्ड या पोरीचं ऐकायचा, तिचं स्वतःचं रक्त तेवढं ऐकत नव्हतं. आई तिला जवळ ओढून हमसून हमसून रडली. लेकही रडली.

दारात व्हीलचेअर आली. "चला," सिस्टर म्हणाल्या.

लेक पलंगावरून उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि तिने आईच्या पोटाजवळ तोंड नेलं. नाक लाल झालेलं, आवाज मात्र कडक.

"ए, ऐक. आता आईचं येईल. मुकाट्याने घ्यायचं. हाकलायचं नाही." मग हळूच म्हणाली, "मी जाईन माझी एकटी."