चार ते सहाचा गलका

भावनाला अमरावतीच्या राजापेठेत येऊन सतरा दिवस झाले होते. तेल्हारा तालुक्यातल्या तिच्या गावात काही लोकांनी तिच्या वस्तीची स्मशानाची वाट अडवली. तिनं त्यावर गाणं रचलं, तर तिची पेटी फोडली गेली आणि पुन्हा गायलीस तर गळाच दाबू, असा निरोप आला. अशा कलावंतांना तीन-तीन आठवडे घरी ठेवून घेणारी अकरा कुटुंबं अमरावती-अकोल्यात आहेत, हे तिला तेव्हा कळलं. त्यांचा नियम एकच. आवाज कुणाच्या कानावर गेला, की त्याच दिवशी घर बदलायचं.

त्यांतल्याच चंद्रभान सरांच्या घरात खाली रसायनशास्त्राची शिकवणी चाले. चार वाजले की साठ मुलं एका सुरात ओरडायची, "सोडियम एक, मॅग्नेशियम दोन!" सहापर्यंत हा गलका चाले आणि तेवढा वेळ वरच्या खोलीत भावना मोकळ्या गळ्यानं गाऊन घ्यायची. सरांच्या आईनं, पार्बताबाईंनी, रस्त्यावर उभं राहून स्वतः खात्री केली होती. "काईच नाही येत वं ऐकू. गाय बिनधास्त."

अठराव्या दिवशी चारला ती गायला बसली. पहिलं कडवं संपवून श्वास घेतला, तर खालून एकही आवाज नाही.

पार्बताबाई धापा टाकत वर आल्या. "अवं, थांब! आज पेपर हाय पोट्ट्याइचा! चंद्रभानच्या ध्यानातच नाही राहिलं तुले सांगाचं!"

भावनानं झटकन खिडकी ओढून घेतली. कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल, तर संध्याकाळपर्यंत ते गावात पोचणार होतं.

पेपर सुटल्यावर सर वर आले. "चूक माही हाय, ताई. पेपरच्या दिवशी मोबाइल मी दारातच जमा करतो, म्हणून रेकॉर्डिंग कोनाजवळ नाही. पण साठ तोंडं हायत. आजच निघा लागन."

"पोरं काय म्हणाली?"

"एक पोट्टी म्हणे, सर, असं गाणं असन तं रोज पेपर घ्या."

भावनाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

ती बॅग भरू लागली. सरांनी त्या अकरा घरांपैकीच एका घरी, अकोल्याला मायाताईंना फोन लावला. "ताई, शेजारची गिरणी किती वाजता चालू होते? आठ ते बारा? अन् आवाज भिंतीतून मोठा येते ना? हो, हो, मोठाच पाहिजे."

साडीची घडी घालता घालता भावना थांबली. शिकवणीवरची खोली आपल्याला योगायोगानं मिळाली, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

"सर, म्हणजे हे घरसुद्धा..."

"आमी पयले गलकाच पायतो. नुसतं लपवाचं असतं तं कोनतंही घर चाललं असतं. तुमचं गाणं बंद नाही पडलं पाहिजे."

तिनं साडी बाजूला ठेवली. "जायच्या आधी एकदा म्हणू का? तुमच्यासाठी?"

सर आईकडे बघू लागले. पार्बताबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी रिकामाच मिक्सर सुरू केला.

"म्हन आता!" त्या तिथूनच ओरडल्या.