डेलियाचं भूतघर

पहिला पडदा: आतडी

गार स्पॅगेटी, वरून तेल चोळलेली. बाजूच्या वाडग्यात सोललेली द्राक्षं, म्हणजे डोळे. सोलता सोलता डेलिया पुन्हा विचारते, "आई, कोणीच नाही आलं तर?"

"येतील गं."

नव्या शाळेत ती अजून एकटीच जेवते. हॅलोविनच्या भूतघराचं आमंत्रण मात्र तिने अख्ख्या वर्गाला दिलंय. माझ्या हातातून द्राक्ष निसटतं.

दुसरा पडदा: शवपेटी

म्हणजे काळा रंग दिलेलं फ्रिजचं खोकं. डेलिया आत आडवी पडून बघतेय, माझा भाऊ डुएन चिकटपट्टी दातांनी तोडतोय.

"मढं हसतंय बघ! ए मढ्या, गप पड."

"मामा, तुझं तोंड बघितल्यावर माझ्याकडे कोण बघणार?"

दोघं खिदळतात. मी गल्लीकडे बघते.

तिसरा पडदा: अंधार

गॅरेजचं दार अर्धं वर. डेलिया पेटीत. डुएन दारावरचा दिवाही बंद करतो. "आता तंतरेल पोरांची."

सोंगं घेतलेली पोरं घरोघर खाऊ मागत फिरतायत. चेटकिणी येतात, समुद्री चाचे येतात. फुटपाथवर थांबतात. पुढे जातात.

आतून: "आई, आलं कोणी?"

"येतायत."

"आई?"

मी म्हणते, "येता—"

(इथेच थांबले. एक इवलीशी मधमाशी आमच्याकडे वळली होती आणि तिच्या आईने तिला पंखाला धरून मागे ओढलं. "तिथे नाही, सोन्या. दिवा बंद आहे ना? त्यांना कोणी यायला नकोय.")

आज दिवा बंद म्हणजे येऊ नका. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं!

"डुएन, गाढवा, दिवा!"

पडदा नाही

उजेडात दोऱ्या दिसतात. वटवाघळं कागदाची दिसतात. द्राक्षं द्राक्षंच. समोरून तीन मुली रस्ता ओलांडतात, डेलियाच्या वर्गातल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

टिंगल करायला आल्या असतील तर?

आत गेल्या.

किंचाळी. धडपड. मग काहीच नाही.

काहीच नाही.

"डेलिया, सरक ना. मला पण मढं व्हायचंय."

"पाय दुमड मग."

"तुझा रंग लागतोय मला, शी!"

"अगं, मी कुठे झोपू?" ही तिसरी.

खोकं करकरतं. मी डुएनकडे बघते. तळाला चिकटपट्टीचा एकच थर दिलाय, असं त्याच्या तोंडावर दिसतंय.