सेट मोडेल!

मी सहा कपांच्या सेटमधला चौथा कप बोलतोय. 'सेटमधला' हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण त्या एका शब्दापायी माझी बावीस वर्षं काचेच्या कपाटात गेली.

भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर गरम चहा. कुठलं काय! शिवणकाम करणाऱ्या एका बाईला लग्नात भेट म्हणून मिळालो आणि तिने आम्हाला थेट कपाटात कोंडलं. पाहुण्यांसाठी स्टीलचे पेले निघायचे. ती स्वतः कान तुटलेल्या मगात प्यायची. "सेट आहे तो," म्हणायची, "एक जरी फुटला तरी सेट मोडेल."

आम्हाला प्रत्येकी एक कान. त्याने ऐकायचं, एवढंच काम उरलं. टीव्हीचा सेट बिघडायचा. मशीनचा टाका सेट व्हायचा. शेजारीण मिरवायची, "आमचा मुलगा सेट झाला हो!" सगळे सेट होऊन कामाला लागायचे, आम्ही तेवढे सेट असून बिनकामाचे.

मग बाईच्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. "आई, जाऊ दे ना गं."

मशीनवरचे पाय थांबले. "तू, मी, बाबा, कसं छान सेट आहे आपलं. तू गेलीस की सगळं मोडेल."

मी दचकलो. पोरगीही आमच्यासारखीच कपाटात होती तर!

तिने काच सरकवली, मला काढलं, माझ्यात चहा ओतला आणि आईपुढे ठेवला.

"अगं, सेट..." बाई एवढंच म्हणाली. चहा पार निवल्यावर प्यायली. मग मला धुऊन कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलं आणि मुलीच्या बॅगेत ठेवलं. "ने. पण जपून."

आता मी मुलीच्या भाड्याच्या खोलीत असतो. रोज दोनदा चहा! आतून तपकिरी झालोय, मागच्या आठवड्यात कडेचा टवकाही उडाला. आईला तिने ते कळवलेलं नाही.

काल फोनवर तिने विचारलं, "तू कशात पितेस चहा?"

"मगातच गं."

"आणि ते पाच कप? सेट तर मोडलाच आता."

"मोडला कुठे? एक कामाला गेलाय फक्त. त्याची जागा रिकामी ठेवलीय मी."

पोरीला रडू कोसळलं. मलाही भरून आलं.

बाई, मी टवका उडालेला, त्या जागेत आता बसायचो नाही. माझी वाट बघू नका. काच सरकवा, माझ्या पाच भावंडांना बाहेर काढा आणि चहा ओता. या खेपेला मात्र निवायच्या आत प्या.